कावळ्याची तार

शुक्रवार, २८ नोव्हेंबर १९४१. पेडगाव

माळवदावर मिरच्या वाळत घालत होते. कावळा आला तो थेट डोक्यावर बसला! खाली येऊन म्हटलं, कावळा शिवला. जाऊ कमल फिसकन हसली — "ह्या वयात, बाई?" चावट मेली!

दीर मात्र हसले नाहीत. "वैनी, डोक्याला कावळा शिवनं म्हंजी मरन. रगताच्या मानसाला मयताची खोटी खबर धाडावी लागती. त्यो रडला की टळलं." माझं रक्ताचं माणूस एकच — धाकटा भाऊ बन्सी. तो रंगूनला. मी म्हटलं, खबरदार!

सोमवार, १ डिसेंबर

दीर कापूस घेऊन परभणीला गेले आणि तार ठोकून आले! मला विचारलं सुद्धा नाही. "आता दुसरी करा, खरी," म्हटलं तर — "त्यो रडल्याची खबर आल्याबिगर खरं सांगायचं नस्तंय. समदं फुकट जातंय." मी समोर बसून भाकरी थापतेय, आणि हे मला मेलेली ठेवणार!

शुक्रवार, ५ डिसेंबर

उत्तर नाही.

शनिवार, ६ डिसेंबर

आई गेली तेव्हा बन्सी रांगत होता. मीच वाढवला. भातगिरणीत नोकरी लागली, समुद्रापार गेला, पण इथला कारभार सोडला असेल तर शपथ! आक्का, म्हातारी गाय विकू नको. आक्का, खोकल्याला ज्येष्ठमध घे. हे गेले तेव्हा तिकडून आला, महिनाभर ओसरीवर नुसता बसून राहिला. दिवाळीला गुलाबी रेशमी लुंगी धाडली — मी विधवा बाई, कुठे मिरवू? उशीला अभ्रा शिवला.

त्याची पत्रं दीर वाचून दाखवायचे. दोन ओळी, की "बाकी खुशाल हाय" म्हणून घडी! म्हणून साबणाच्या कागदावरून अक्षरं लावत शिकले. स्वतः वाचलेलं पहिलं वाक्य — "दिनकररावांना सांग, आक्काला शेतात राबवू नका." स्वतःचं नाव आलं की गाळत होते दीर!

अशा भावाला कळवलं, मी मेले.

बुधवार, १० डिसेंबर

जपानने लढाई पुकारली म्हणे. आता कोणाची वाट बघू? गाडी जुंपायला लावली, स्वतः परभणीच्या तारघरात गेले.

"लिहा, मी मेले नाही."

"कौन नहीं मरा, अम्मा?"

"मी!"

"वो तो दिखरा मेरेकू."

घेतली एकदाची. पण म्हणाला, रंगूनकी लाइनपे भीड है, देर लगती.

रविवार, २१ डिसेंबर

बन्सी आला! दारात दिरांना सांगत होता, बोटीत जागा मिळेना, तेरावं चुकलं. मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले. मटकन उंबऱ्यावर बसला. डोकं भादरलेलं, मिशी नाही. बहिणीसाठी कोणी मिशी काढतं? म्हणाला, "आईसाठी काढतात." मग रडला.

दीर म्हणाले, "झालं! आता टळलं बगा, वैनी." तांब्या त्यांच्याच डोक्यात घालणार होते.

रडून झाल्यावर चिडला. "केवळाला दोन लेकरं घेऊन एकटी सोडलं, आक्का! एका कावळ्यापायी!" केवळा त्याची बायको. तिला वाटलं असेल, नणंदेचं दिवसकार्य करून येईल. माझ्यावर ओरडून काय होतंय? मी धाडली का तार? शुक्रवारी परत निघतो म्हणतोय. जा म्हटलं, पण जेवून जा.

मंगळवार, २३ डिसेंबर

अजून फुगलेलाच. पण सकाळी माळवदावर चढून माझ्या मिरच्या उलथल्या, आणि वर मलाच शिकवतो — "दाट पसरू नको, बुरशी येती."

गुरुवार, २५ डिसेंबर

रंगूनवर बाँब पडले. मंगळवारीच पडले, आज कळलं. बोटी बंद. रंगूनची तार घेत नाहीत. केवळा आणि लेकरं तिथंच.

बन्सी सकाळपासून स्टेशनवर बसून आहे. शेजारी दीर. मी भाकरी बांधून नेली. त्याने हात लावला नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, "आक्का, तू जेवलीस का?"