टीसी आणायला चालली

आई, बाबा,

"सर, तुमच्या कॉलेजात बायलॉजीची लॅब कुठं आहे?" हे विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती. काल मी विचारलंच! अकोल्याचे ते ॲडमिशनवाले सर हसले. "डॉक्टर व्हायले लॅब कायले लागते बेटा? नाव कॉलेजात, अभ्यास क्लासात. हजेरीचं आमी पाहतो."

मंग माझी मूळ टीसी आधीच कावून नेली त्यायनं? टीसीशिवाय दुसरं कॉलेज घेत नाही, म्हणूनच ना! बाबा, तुमी शेतातलं तण काढायच्या, डवरणीच्या घाईत देऊन टाकली, वरून चहाही पाजला.

सातच्या बसनं अकोल्याले टीसी परत आणायले चालली. लीलाआत्या सोबत आहे. तिकडून थेट अमरावती, कारण तिथं आज ॲडमिशनची शेवटची तारीख आहे. रागवा पाहिजे तर, पण अकरावी सायन्स मी अमरावतीलेच करणार, होस्टेलात राहून.