चाला म्हणतात, कुठे ते सांगत नाहीत

ठाणे, ३ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. रमास विमलअक्काचे अ. उ. आ., आणि पाठीत एक धपाटाही. वि. वि. असं की, फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू ऐकत नाहीस, म्हणून हे पत्र. सांगते मी, लिहिते सून. तेव्हा सुनेच्या तक्रारी यात नाहीत. निशा फार गुणाची आहे. (हे मीच सांगितलंय, तिने आपणहून घातलेलं नाही.)

घोडबंदर रोडवरचं माझ्या विठ्ठलचं हे घर छान आहे. खाली बाग, बागेभोवती चालायला लाल फरशीची वाट, म्हाताऱ्यांसाठी वेगळी बाकं. ठाकुर्लीच्या आपल्या चाळीत बाक सोड, गटारावरची फळीसुद्धा हलायची. तरी इथे मला खाली उतरावंसं वाटत नाही. का ते विचारू नकोस, मलाच कळत नाही. ताट समोर येतं आणि वाटतं, आत्ताच तर जेवले. नात टीव्ही लावून देते. बघते, पण काय बघितलं ते सांगता येत नाही. विठ्ठलने डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, डिप्रेशन आहे, रोज चालत जा. मी विचारलं, कुठे? त्या हसल्या. मी गंमत केली नव्हती गं.

तुझा सुदेश ठाण्याला कामाला येतो, त्याच्या हाती उत्तर दे. लोभ आहेच, तो आटवू नकोस.

तुझी अक्का

•

ठाकुर्ली, ७ फेब्रुवारी

ती. अक्काच्या पायांवर डोकं ठेवून शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी देवापुढे दिवा लावला. मग आठवलं, टीव्हीवर वादळाच्या बातम्यांत डिप्रेशन म्हणजे कमी दाबाचा पट्टा सांगतात. जीव भांड्यात पडला. अगं, तू जन्माची लो प्रेशरची! सोबत लिंबाचं खारं लोणचं पाठवतेय, दोन्ही वेळा चाट. डबा माझ्या नावाचा आहे. रिकामा परत आला तर बहीण म्हणणार नाही.

सुदेश म्हणतो, आई, ते हे नव्हे, ते मनाचं असतं. मनाचं? दिवसातून चारदा फाटकाजवळच्या बाजारापर्यंत जाणारी बाई तू, मासळी घ्यायला नव्हे, नुसती नावं ठेवायला. तुला कुठे जायचं ते विचारावं लागतंय? अक्का, तू काहीतरी लपवतेयस. लिहिणारी बदल आणि खरं सांग.

निशाला आशीर्वाद. माया असू दे.

तुझी रमा

•

ठाणे, १३ फेब्रुवारी

रमे, शहाणे, आशीर्वाद वगैरे नंतर. तुझं पत्र निशानेच वाचून दाखवलं, ‘लिहिणारी बदल’ हेसुद्धा. तिथे तिचा आवाज जरा खाली आला. आज पोळ्यांना येणाऱ्या शांताबाई लिहितायत. अक्षर पोळीसारखं गोल असेल, करपलेलं नसलं म्हणजे झालं.

खरं ते असं. लिफ्टमध्ये पूर्वी बटणं होती. आपलं बटण वरून दुसरं, कडेचा टवका उडालेला. बोटाच्या ओळखीचं होतं. दिवाळीनंतर ती काढून काचेची पाटी बसवली. सगळी गुळगुळीत. मला आकडा कुठला कळायला! एकदा फिरून आले, अंदाजाने बोट ठेवलं, उतरले, दाराला चावी लावली. फिरेना. आतून एका गृहस्थाने दार उघडलं नि म्हणाला, मावशी, कामवाल्या बायकांची लिफ्ट मागच्या बाजूला आहे. मी इथे राहते, असं मला त्याला सांगता आलं नाही, कारण त्या घटकेला माझी मलाच खात्री नव्हती. सगळी दारं सारखी. चाळीत कुणाची आमटी लागली त्या वासावरून दार ओळखायचे मी. खालच्या वॉचमनने वर आणून सोडलं.

तेव्हापासून उतरलेच नाही. सांगितलं तर विठ्ठल म्हणेल, आई विसरायला लागली, आणि दाराबाहेर एकटीला सोडणार नाही. आणि रमे, खरंच विसरायला लागले असेन तर? उतरत नाही म्हणून उदास आहे, की उदास म्हणून उतरत नाही, हा गुंता मला सुटत नाही. शांताबाईंनाही सुटला नाही, आणि त्यांची कणीक वाळतेय.

जीव लावून असतेस, तशीच अस.

अक्का

•

ठाकुर्ली, १७ फेब्रुवारी

(हे पत्र शांताबाईंनीच वाचावं, पोळ्या झाल्यावर.)

ती. अक्कास शि. सा. न. अगं वेडे, आकडे तुला येत कधी होते? न शिकलेलं विसरता येत नाही!

चाळीच्या गणपतीत सगळ्यांची भांडी एका जागी व्हायची, आठव. आमच्या भांड्यांवर नावं घातलेली. तू मात्र नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायचीस आणि सगळ्यांच्या आधी आपली भांडी उचलून चालती व्हायचीस, कधी कधी माझीही. लिफ्टला दे ठिपका. आणि डबा कुठे आहे माझा?

तुझी वाट बघणारी रमा

•

ठाणे, ५ मार्च

चि. सौ. रमास अ. उ. आ. आज पुन्हा निशा लिहितेय. का ते पुढे येईल.

शांताबाईंनी आकडा दाखवला, पण लिफ्टचं दार कुईकुई करत होतं, घाईत ठिपका एक घर खाली पडला. मला काय कळणार! दुसऱ्या दिवशी ऐटीत बागेत एक फेरी मारली, ऐटीत ठिपका दाबला. घराचं दार उघडंच. आत माझ्या वयाची बाई वाल सोलत बसलेली. मी तिला विचारलं, माझ्या घरात तू कोण गं? ती म्हणाली, आधी चपला काढ, मग घर कुणाचं ते ठरवू.

सखुबाई तिचं नाव. दिवा गावची. लेकीने इथे आणली. तिकडे पाण्याच्या हंड्यांनी कंबर मोडली म्हणे, इथे नळ दिवसभर वाहतो आणि हातांचं काय करायचं ते तिला कळत नाही. मग वालच सोलले दोघींनी. निघताना तिने बिरडं दिलं वाटीत. मी जिन्याने एक मजला चढून वर आले.

चार दिवसांनी सोसायटीने फलक लावला, लिफ्टवर कुणी रंग लावला म्हणून. निशाने तो मला वाचून दाखवला आणि माझ्या लाल झालेल्या बोटाकडे बघत राहिली. मी सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, आई, एक आकडा मला विचारायची एवढी चोरी? रडत होती की रागावली होती, मला नीट कळलं नाही. दोन्ही असावं. मग आतून हिरव्या नेलपॉलिशची बाटली घेऊन आली. लाल ठिपका तसाच ठेवला, त्याच्यावरच्या आकड्याला हिरवा दिला. सोसायटीने पुसला तर मी पुन्हा देईन. (हे वाक्य तिने आपणहून घातलंय.)

उदासी गेली का, ते विचारू नकोस. आजही सकाळी उशीवरून डोकं उचलवत नव्हतं. पण ओट्यावर सखूची वाटी आहे, आणि वाटी काही रिकामी देता येत नाही. म्हणून उठले. चालायचं कुठे, ते डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं तर मीच सांगेन त्यांना.

तुझा डबा लोणच्यासकट सखूकडे गेलाय. हवा असेल तर स्वतः येऊन घेऊन जा. लिफ्टमध्ये लाल ठिपका दाब. हिरवा दाबलास, तर मी घरी नसेन.

अक्का