दादाच्या मागे खेळणारा

गुरुवार, ता. १२

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. तुझ्या आईचा खांदा अजून दुखतोच आहे. तुझ्या खोलीत सध्या दादाचं सामान ठेवलंय. त्याला ते मोठं घर सोडावं लागलं.

तुझे सामने टीव्हीवर बघतो. पुढे धावत जातोस, गोलही मारतोस, लोक टाळ्या पिटतात. छान. पण मी तुला त्यासाठी घडवलं नव्हतं. मधल्या फळीतल्या माणसाने आपल्या बचावाच्या पुढे उभं राहावं, समोरच्याचा पास तोडावा आणि चेंडू गुपचूप आघाडीला द्यावा. त्याचं काम कुणाला दिसलं नाही, म्हणजे ते नीट झालं. इतकी वर्षं तू दादाच्या मागे असाच खेळलास, म्हणून त्याचे गोल झाले.

तू क्लब बदललास आणि त्याला चेंडूच मिळेना. अख्ख्या हंगामात एक गोल. रविवारी त्याला शेवटची संधी आहे, त्याच्या कोचने मला स्पष्ट सांगितलंय. आणि समोर नेमका तुझा संघ.

मी काही वावगं सांगत नाही. तू नेहमीसारखा पुढे जा. फक्त परत यायला जरा उशीर कर. तुझ्या मागे जी जागा मोकळी पडेल, तेवढी दादाला पुरे. तुझं नाव झालंय, तुझं काय बिघडणार आहे?

आणि घरासाठी सोसणारा तू एकटा नाहीस. तू सतरा वर्षांचा असताना एका बड्या क्लबचा माणूस आपल्याकडे आला होता, एकट्या तुला मागायला. मी त्याला परस्पर वाटेला लावलं. तुला बोललो नाही, कारण तू गेला असतास. मलाही ते जड गेलं होतं. पण सगळ्यांनीच गोल मारायचे म्हटले तर घर चालत नाही.

तब्येतीला जप.

तुझा,
बाबा


मंगळवार, ता. १७

ती. बाबांना सा. नमस्कार.

पत्र शनिवारी मिळालं. आईसाठी खांद्याला लावायचं मलम पाठवलंय.

सामना तुम्ही पाहिलातच, तरी सांगतो. पत्र वाचून मी उठलो तो तडक कोचकडे गेलो. म्हटलं, उद्या मी पुढे जाणार नाही. बचावाच्या पुढे उभा राहतो, दादाला मी बघतो.

"सख्ख्या भावाला? जमेल?"

"माझ्याइतकं कुणालाच जमणार नाही," मी म्हटलं.

चेंडू मागायच्या आधी दादा डावा खांदा किंचित पाडतो. खांदा पडला, की मी तिथे आधीच हजर. एकही फाउल केला नाही. धक्का नाही, शिवी नाही. नुसता त्याच्या पुढ्यात उभा राहिलो. उत्तरार्धात तर चेंडू त्याच्याकडे निघाला, की त्यांचेच प्रेक्षक हसायला लागायचे. शेवटी त्याला बाहेर काढलं. जाताना त्याने मान वर केली नाही. मी मात्र तो दिसेनासा होईपर्यंत पाहत होतो.

नंतर तो आमच्या बसपाशी आला. म्हणाला, "झकास खेळलास. श्वाससुद्धा घेऊ दिला नाहीस." मग आवाज खाली आणून विचारलं, "बाबांनी तुला काही लिहिलं तर नव्हतं ना? मी हातापाया पडून सांगितलं होतं त्यांना, धाकट्याच्या खेळात लुडबूड करू नका म्हणून."

"नाही, काहीच नाही," मी म्हटलं.

त्याला इतकं हायसं वाटलं, बाबा.

मग म्हणाला, "क्लब मला काढून टाकतोय. तुमच्याकडे एक राखीव स्ट्रायकर हवाय म्हणे. कोचशी बोलशील?"

"बोलतो."

त्याने माझ्या गालावर हलकेच चापट मारली आणि गेला.

काल कोचनी आपणहूनच विषय काढला. मी म्हटलं, नका घेऊ, त्याच्यात आता काही उरलेलं नाही. ते खोटं नव्हतं. रविवारपर्यंत थोडं उरलं होतं.

हे त्याला तुम्ही सांगा. वाईट बातमी तुमच्या तोंडून ऐकायची त्याला सवय नाही, ती आता लागू दे. मी फोन केला असता, पण त्याचा आवाज ऐकून माझं मन विरघळेल, आणि मला ते नकोय.

हे पत्र आईला वाचून दाखवू नका.

तुम्ही घडवलेला,
धाकटा