शेपटाची शिट्टी

१ नोव्हेंबर
पोचलो एकदाचा! गच्चीवरची खोली, खिडकीत अख्खा डोंगर आणि खालच्या मजल्यावर ती. आणखी काय हवं माणसाला? कॉलेज अर्धवट सोडलं म्हणून बाबांनी बोलणं टाकलंय. टाकू देत. शहरातल्या लोकांना दर रविवारी डोंगर चढवून आणायचं, हा तिचा धंदा. सगळे तिला कॅप्टन म्हणतात. कामाला बोलावणारा फोन तिनेच केला. म्हणाली, "मला तूच हवास." हे ऐकायला मी कधीपासून झुरतोय!

खोली तिच्या दादाची. तो बाहेरगावी असतो म्हणे. तिच्या आई प्रेमळ आहेत, फक्त कपाट रिकामं करून देत नाहीत. त्याचे शर्ट धुऊन, इस्त्री करून पुन्हा तिथेच. माझी बॅग खाटेखाली.

२ नोव्हेंबर
मी 'शेपूट' झालो. म्हणजे सगळ्यांत मागे चालणारा. पुढे कॅप्टन, मधे धापा टाकणारे हौशी लोक. वळण आलं की ती शिट्टी वाजवते, मी मागून उत्तर देतो, मगच ती पाऊल उचलते. माझ्यावाचून ती हलत नाही! धुक्यात दिसावं म्हणून दादाचं लाल जॅकेट घालायची सक्ती. माझ्या पुढच्या काकू म्हणाल्या, पोरगी एवढ्या शिट्ट्या मारते, एकदा तरी वळून बघते का रे तुझ्याकडे? डोकंच फिरलं. मग हसू आलं.

९ नोव्हेंबर
खिंडीत दाट धुकं. बुटाची नाडी बांधायला वाकलो, तोच पुढून तिची शिट्टी. मी शिट्टी तोंडाला लावायच्या आत उत्तर गेलं. माझ्या मागून.
शेपटाच्या मागे कोण असणार?
खाली आल्यावर तिला सांगितलं. वाटलं, हसेल. तिचे डोळे भरून आले. माझा हात घट्ट धरून विचारत राहिली, किती जवळून आलं, नक्की मागूनच ना. पहिल्यांदाच धरला हात. भीती कुठल्या कुठे पळाली.

१२ नोव्हेंबर
आईंनी आज दादाची गादी उन्हात टाकली. माझी बॅग कुणीतरी भरून दाराशी ठेवलीय. विचारलं तर आई रडायलाच लागल्या. म्हणाल्या, दादाही शेपूटच होता. वर गेला तो—
तेवढ्यात कॅप्टन आत आली. मी तडक जातो म्हणालो. कॅप्टन म्हणाली, फक्त हा रविवार. माझ्यासाठी.
तिच्यासाठी.

१६ नोव्हेंबर, खिंडीत
जरा मागे राहा म्हणाली. राहिलो.
तिची शिट्टी आली. जीव खाऊन फुंकली मी. आवाजच नाही. उत्तर मागून गेलं, अगदी मानेजवळून. मग कुणीतरी मला ओलांडून पुढे—
धुकं फाटलंय. खाली त्यांची रांग दिसते. शेवटी लाल जॅकेट. माझ्या अंगावर नुसता शर्ट.
ती वळली. पहिल्यांदाच. धावत मागे आली, त्या लाल जॅकेटच्या गळ्यात पडली. मग वर बघून ओरडली, "माफ कर रे. दादाच्या जागी कुणाला तरी ठेवावंच लागतं. तू मला नाही म्हणाला नसतास."

गेले. पाय उचलत नाहीत. हाक मारतो तर—
खालच्या वळणावर तिची शिट्टी. ती माझ्यासाठी नाही, कळतंय मला. तरी माझं तोंड आपोआप—