फौला की फेअर आइल

लर्विक, शेटलंड
जून, तिसरा आठवडा

ती. बाबीताई,

वाकून नमस्कार करायचा तर गुडघे आता आधी परवानगी मागतात, तेव्हा उभ्यानेच केलेला गोड मानून घे. तिकडे न्यूझीलंडात थंडी पडली असेल. छातीला ऊब दे, आणि डॉक्टरचं ऐकत नसशील तर निदान सुनेचं ऐक. आम्ही दोघं जिवंत आहोत. (हे वाक्य नुसतं सवयीने लिहिलेलं नाही, पुढे कळेल.)

घरमालकाचा मुलगा लग्न करून परत येतोय, त्यामुळे सप्टेंबरात हे घर सोडायचं आहे. तेव्हापासून घरात धुसफूस आहे. आपल्या फौला बेटावर मामाचं घर रिकामं पडलंय, आणि सिनीच्या माहेरी, फेअर आइलला, विणकाम जाणणारं माणूस हवं म्हणून तिथल्या लोकांनी घर देऊ केलंय. दोन्हीकडे महिनाअखेर होय-नाही कळवायचं. सिनीचं म्हणणं, फौला म्हणजे समुद्रात विसरून राहिलेला दगड, तिथे नाताळसुद्धा बारा दिवस उशिरा येतो. मी म्हटलं, उशिरा नाही, आम्ही जुनं पंचांग सोडलं नाही. अस्सल नॉर्स, वायकिंगांच्या रक्ताचे, असतील तर आम्हीच. त्यावर ती म्हणाली की नॉर्स लोकांनी तिच्या बेटाला मेंढ्यांचं नाव ठेवलं आणि माझ्या बेटाला पाखरांचं, आणि मेंढी निदान माणसाच्या टाळूवर चोच मारत नाही. शेवटी ठरलं, आधी फौला बघून यायचं.

वॉल्स बंदरातून होडी निघाली आणि पहिल्या अर्ध्या तासातच माझं पोट उलटलं. तीस वर्षं मी येल बेटाच्या फेरीबोटीवर दोर बांधले, पण ते पाणी वेगळं. सिनी शेजारी बसून उकडलेली अंडी खात होती. (मलाही विचारलं. हे तिने मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही.) उतरल्यावर मी तिला बजावलं, बाँक्सी पक्षी डोक्यावर झेपावतात, काठी उंच धर. तिने धरली. सांगण्याच्या नादात मी विसरलो, आणि माझी टोपी आता फौलाच्या कुठल्या तरी घरट्यात आहे.

दुपारी मी मामाच्या घराचं अडकलेलं दार सोडवत होतो. सिनी म्हणाली, जरा टेकडीकडे फिरून येते. दहा मिनिटांत धुकं असं उतरलं की मला माझ्या हातातला हातोडा दिसेना. ताई, त्या बाजूला कड्यातली ती खोल चीर आहे. बाबा आपल्याला तिच्या आसपासही फिरकू देत नसत, ती. मी हाका मारत निघालो. हाताला लागलेली एक दगडी भिंत धरून एक फेरी मारली, मग दुसरी. कुठून उत्तर नाही. खालून लाटांचा आवाज येत होता, पण कुठल्या बाजूने ते कळत नव्हतं. शेवटी मी पोटावर झोपलो आणि गवत चाचपत सरकत गेलो. एका जागी गवत संपलं आणि हात हवेत गेला. चिरेतल्या त्या काळोखात तोंड घालून मी तिला हाक मारली, आणि आतून माझीच हाक परत आली. किती वेळ तसा पडून होतो माहीत नाही.

मग तसाच सरकत परत फिरलो. तिसऱ्यांदा तीच भिंत धरून येतोय तोच एक दार उघडलं. मीमा रॅटर म्हातारीचं घर. दारात सिनी, हातात वाडगा.

"आत या, सूप निवतंय," ती म्हणाली.

वाट चुकले आणि आत्ताच इथे पोचले, असं तिने सांगितलं. खारवलेल्या मटणाचं सूप दोन वाडगे प्यालो.

परतीच्या होडीत ती आपणहून म्हणाली, "तुमचं फौला तसं वाईट नाही हं." चाळीस वर्षं हे ऐकायला कान आसुसले होते. ऐकलं, आणि मी जवळ पडलेला दोर पुन्हा गुंडाळायला घेतला.

तुझा भाऊ,
गिडियन

ता. क. : या पत्राचं खरं कारण असं. तू सिनीला, जणू आपल्याच मनाने, लिही की या वयात फेअर आइलच बरं. ती फक्त तुझं ऐकते. मला माझ्याच बेटाची भीती वाटली, हे तिला माझ्या तोंडून सांगवत नाही.

ता. क. दुसरा : बाबीवन्सं, मी सिनी. या घरातली पाकिटं मी चिकटवते, हे यांच्या अजून लक्षात आलेलं नाही. मी चुकले नव्हते. धुकं येताना दिसलं तशी सरळ मीमाबाईंकडे शिरले. यांची पहिली हाक आली तेव्हा ओ देणारच होते. पण लग्न झाल्यापासून यांनी मला 'अगं' सोडून हाक मारलेली नाही, आणि बाहेर नुसतं 'सिनी, सिनी' चाललेलं. मीमाबाई म्हणाल्या, "ओ दे की बाई." मी म्हटलं, "थांबा हो, जरा ऐकू दे." मग बराच वेळ काही ऐकू येईना, तेव्हा मात्र हातातल्या वाडग्यासकट उठून दार उघडलं. हे चिरेपाशी गेले होते ते आत्ता वाचून कळलं.

फेअर आइलला माझ्या तीन बहिणी आहेत. मी तिथून लग्न करून निघाले ते काही उगाच नाही. फौलाला होकाराचं पत्र मी कालच टाकलं. तुम्ही यांना एवढंच लिहा, की बायको दिसेनाशी झाल्यावर घाबरलेलं तुमच्या घराण्यात चालतं.