ह्यांच्या पानाला शिवला तो कोण

षष्ठी, शुक्रवार
ह्यांच्या श्राद्धाला सगळ्यांच्या आधी कोण हजर, तर बेबीवन्सं. वाकोल्याहून थेट मुलुंड, रिक्षाने! भावाच्या फोटोला हात जोडायच्या आधी वड्याचं पीठ बोटाने चाटलं. "वैनी, मीठ कमी." श्राद्धाचं चाखू नये हे त्यांना सांगणार कोण.

वाडी, म्हणजे ह्यांच्या नावाने वाढलेलं पान, नेऊन कंपाऊंडच्या भिंतीवर ठेवली. एरवी तिथे कावळ्यांची सभा असते. आज एक नाही. भात गार झाला, खिरीवर साय धरली. वन्सं म्हणतात, "दादाचो जीव अडाकलो हा. बोल काय तरी." चाटल्याचं बोलणार होते, गिळलं. मग मनातलंच तोंडातून गेलं, "अहो, ईशाला तिचा पक्षी करू दे. दिलीप अडवणार नाही." नातीने त्या पक्ष्यापायी नोकरी सोडली, तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद. दिलीप माझ्याकडे बघतच राहिला.

आणि तेवढ्यात! भिंतीपलीकडच्या विसर्जनाच्या हौदातून (सोसायटीने अजून रिकामा केलाय कुठे) पाणी उडालं, काळं काहीतरी फडफडत वर आलं आणि धप्पकन पानावर. भात चहूकडे. वन्सं ओरडल्या, "इलो गो माझो दादा!" मी पण हात जोडले, डोळे भरले. मग त्याच्या पोटातून घर्र... आणि डोक्यावर लाल दिवा.
ईशाचा मोटरवाला पाणकावळा.

सप्तमी, शनिवार
ईशा रडकुंडीला, "आजी, शप्पथ, मुद्दाम नाही गं. आम्ही हौदाच्या मागे होतो. वर आला, वारा लागला, कुठेही उतरला." रिमोट हर्षाकडे होता, तिची मैत्रीण, खारदांड्याची.

पण काय केलाय! मोटर तापली म्हणून आज पाण्यात नाही, मोबाईलवर दाखवला. पंख मिटून सूर मारतो, आत खऱ्यासारखे पाय मारतो, परत वर येऊन उडतो. मी चार वेळा बघितलं. हे गावच्या खाडीत अस्सेच बुडी मारायचे आणि मी काठावर श्वास धरून. हे ईशाला कधी कोणी सांगितलं नव्हतं. मग तिला सुचलं कसं?

दिलीप : मशीन शिवलेलं धरत नाहीत आई. तू बोललीस ते पण मग धरायचं नाही.
मी : बोलले मी. मशीन नाही बोललं.
जेवताना काळ्या वाटाण्याचं सांबारं उरलं होतं ते संपवलं.

अष्टमी, रविवार
पक्षी भिंतीवर उन्हात ठेवला होता, पंख पसरून. मीच सांगितलं, आत ओल राहिली की गंजेल. पंखाच्या सांध्यात शुक्रवारचा भात सुकून चिकटलेला, कोणाच्या लक्षातच नाही. एक कावळा आला. खरा. मान वाकडी करून बघितलं, पंखावर टोच मारली, शीत काढलं, खाल्लं, गेला.
दिलीप खिडकीत, तोंडात ब्रश तसाच.

वन्संना फोन केला. "शिळां खाल्ल्यान गो. तां धरूचां नाय."
म्हटलं, "आणि पीठ चाटलेलं?"
तर म्हणतात, त्यांच्या गुरुजींना घेऊन येते, ते सांगतील ते दोघींनी ऐकायचं.

दिलीप खाली गेला. ईशाच्या बाजूला उभा राहून पंख हलवून बघितला. "डावा पंख ढिला आहे," म्हणाला. एवढंच. ती "हो" म्हणाली. तेही एवढंच.

गुरुजींनी नाही म्हटलं तर? मी तर ह्यांना शब्द देऊन बसले.
हर्षा पण येणार आहे, पंख दुरुस्त झाला की उडवायला. तिला पण तोच दिवस सापडला. वन्सं, गुरुजी, हर्षा, सगळे सर्वपित्री अमावास्येला, येत्या रविवारी. हौद रिकामा करू नका म्हणून सेक्रेटरीला सांगून आले.