खुर्च्यांचा इन्चार्ज

२ मार्च
पृथ्वीराजचा हुकूम: आबांचा, म्हणजे माझा, पलंग माडीवरून खाली, दुकानामागच्या खोलीत. गुडघ्यांमुळे म्हणे. पोटचा पोरगा असून! अख्खा संसार त्या माडीवर झाला. मुदत मागितली. पाडव्याला सगळ्यांसमोर कठडा न धरता जिना चढून दाखवतो, मग पलंग वरच. सूनबाई हसली. हसू दे.

४ मार्च
समाजमंदिरात गुडघेवाल्या म्हाताऱ्यांसाठी व्यायामाचा क्लास. फुकट. आमच्या मंडळींना, राजाबाईंना, घेऊन गेलो. सगळा व्यायाम खुर्चीत बसून! शिकवणारी सोनम, फिजिओथेरपीची पोरगी. मी एसटी स्टँडवर कंट्रोलर होतो, खुर्चीत बसून पाय हलवू? मदतनीस म्हणून थांबलो. शिस्त लावायला कुणीतरी पाहिजेच की.

६ मार्च
पोरीनं माणूस ओळखला. सारखं ‘कुर्ची, कुर्ची’ म्हणून मलाच हाक. मी खुर्ची उचलून पुढं. परत हाक, परत खुर्ची. शेवटी क्लासातल्या बजाबाईंना पाय लांब करायला जागा उरली नाही. स्वतःचा व्यायाम उद्यापासून.

११ मार्च
गुडघा टम्म. सार्वजनिक कामात एवढं चालायचंच.
राजाबाई म्हणाली, अहो, ती ‘कूर्चोंडी’ म्हणते, तेलुगूत ‘बसा’. पूर्व भागातल्या तेलुगू बायकांना सांगायची, आणि तुमच्यापुढं तर हात जोडून सांगायची. जन्म सोलापुरात काढला, एवढंबी कळंना व्हय तुमाला?
मराठीत सांगायला काय झालं होतं पोरीला? ते जाऊ दे. खुर्च्या लागणारच होत्या.

१३ मार्च
बसलो. उठता येईना.
सोनम आणि क्लासातला सिद्धप्पा, दोघांनी काखेत हात घालून उठवलं. खुर्चीच लई खोल. राजाबाई मात्र हात न टेकता उठते-बसते. सोनमनं टाळ्या वाजवल्या. क्लासला तिला आणलं कुणी? ते कुणी बोलत नाही.

१७ मार्च
आज दांडी. ताकद पाडव्यासाठी राखून ठेवली. दिवसभर पडून. पडूनसुद्धा दमायला होतं, हे नवीनच.

१९ मार्च, पाडवा
गुढी उभारली. सगळे जिन्याशी जमले. तिसऱ्या पायरीवर दम खाल्ला. मग तिथंच बसलो. म्हणालो, चप्पल सरकते.
चप्पल घातलीच नव्हती.
कुणी हसलं नाही. सूनबाईसुद्धा नाही. ते लई लागलं.

२० मार्च, दुपारी
पलंग खाली आला. शेजारच्या धोंडप्पाला सांगितलं, वर पत्रा तापतो, उन्हाळ्यापुरता मीच आणायला लावला.
राजाबाईनं वरून माझी उशी आणली, मग गोळ्यांचा डबा, मग धोतरं. दर खेपेला कठडा न धरता. नंतर विचारलं, मी कुटं झोपू?
म्हणालो, तू वरच झोप. वर वारं चांगलं येतं, हितं दोघांना जागा कुठली.
वाटलं, नको म्हणेल.
बरं म्हणाली. गेलीसुद्धा.